परवान्याची चिकित्सा

वर्षातून दोन-चार वेळा तरी वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेल्या साच्यात येते : अमुक गावात बोगस डॉक्टरावर गुन्हा दाखल. आरोग्य खात्याचे पथक जाते, पंचनामा होतो, सलाइनच्या बाटल्या आणि इंजेक्शने जप्त होतात, दवाखान्याला कुलूप लागते. आठवडाभर गावात चर्चा होते. पुढे खटल्याचे काय झाले हे बहुधा छापून येत नाही. त्या दवाखान्यात जाणारे रुग्ण दुसऱ्या दिवसापासून कोठे गेले, हे तर कोणी विचारतही नाही.

या लेखात आम्हांला अशा मोहिमांची आणि त्यांच्यामागच्या कायद्याची चिकित्सा करायची आहे. बोगस डॉक्टरांची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. पण 'बोगस' कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याची आपली रीत शास्त्रीय आहे का, हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्यांनी विचारायलाच हवा. आमचे म्हणणे थोडक्यात असे : परवाना उपचार करणाऱ्याची पाटी तपासतो, उपचार तपासत नाही. आणि उपचार तपासले गेले नाहीत, तर पाटीचा पहारा कितीही कडक केला तरी रुग्णाचा फायदा मर्यादितच राहतो.

प्रश्न कोणाचा आहे हे आधी पाहू. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले बोर्ली पंचतन घ्या. आसपासच्या गावांची ही बाजारपेठ. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे राजपुरीच्या खाडीपलीकडे. एक तर दिघीला जाऊन आगरदांड्याची फेरीबोट धरायची, नाहीतर म्हसळा-माणगाववरून मोठा वळसा घालायचा. पावसाळ्यातल्या रात्री एखाद्या वाडीवरच्या मुलाला विंचू डसला, तर त्याच्या आईपुढे प्रश्न 'परवाना कोणाकडे आहे' हा नसतो. 'आत्ता जवळ कोण आहे' हा असतो. कायदा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर भगत, औषधविक्या किंवा पूर्वी कोठेतरी कंपाउंडर असलेला माणूस देतो.

लंडनचा पहारा

परवाना नसलेल्या वैद्यांवर पहारा ठेवण्याचा एक जुना आणि भरपूर कागदपत्रे असलेला प्रयोग लंडनमध्ये झाला. १५११ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की वैद्यकी करणाऱ्याने बिशपकडून परवाना घ्यावा. बिशपने जाणकारांच्या मदतीने त्याची परीक्षा घ्यावी. १५१८ मध्ये आठव्या हेन्रीने लंडनच्या वैद्यांना स्वतःची संस्था काढण्याची सनद दिली. ही संस्था म्हणजे कॉलेज ऑफ फिजिशियन्स. शहरात आणि भोवतालच्या ७ मैलांत कोणी औषधोपचार करावे, हे ही संस्था ठरवू लागली. बिनपरवाना वैद्यांना बोलावणे, जाब विचारणे, दंड करणे, प्रसंगी तुरुंगात टाकणे हे सारे अधिकार तिच्याकडे होते.

पण परीक्षा कशाची होती? उमेदवाराला गेलेनचे ग्रंथ येतात का, आणि ते लॅटिनमध्ये सांगता येतात का, याची. गेलेन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. शरीरातल्या चार द्रवांचा तोल बिघडला की रोग होतो, हा त्याचा सिद्धांत. त्यावरून रक्त काढणे, रेच देणे, वांती करवणे हे उपचार निघाले. परवानाधारक वैद्यही तेच करी आणि बिनपरवाना वैद्यही बऱ्याच वेळा तेच करी. रुग्ण कोणाच्या हातून जास्त बरे होतात, हे दोघांपैकी कोणीच मोजले नव्हते.

मार्गरेट पेलिंग या इतिहासकार बाईंनी १५५० ते १६४० या काळातल्या कॉलेजच्या दप्तराचा बारकाईने अभ्यास केला. त्यात सातशेहून अधिक 'अनियमित' वैद्यांची नोंद सापडते. स्त्रिया, परदेशातून आलेले लोक, औषधे विकणारे, न्हावी-शल्यकार असे नाना प्रकारचे लोक त्यात आहेत. १५८१ सालचे एक उदाहरण पाहा. मार्गारेट केनिक्स नावाची एक गरीब परदेशी बाई औषधे देऊन संसार चालवी. खुद्द राणी एलिझाबेथची तिच्यावर मर्जी होती. राणीचा मंत्री वॉल्सिंगहॅम याने कॉलेजला पत्र लिहून तिला काम करू देण्यास सांगितले, तरी कॉलेजने नकार दिला.

दुसरे उदाहरण उलट टोकाचे आहे. टॉमस बॉनहॅम हा केंब्रिज विद्यापीठाचा वैद्यकातला पदवीधर. म्हणजे अडाणी नक्कीच नव्हे. पण कॉलेजचा परवाना न घेता तो लंडनमध्ये वैद्यकी करू लागला म्हणून १६०६ मध्ये त्याला तुरुंगात जावे लागले. १६१० मध्ये न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यात त्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवले. गुन्हा ठरवणार कॉलेज, शिक्षा देणार कॉलेज, आणि दंडातला अर्धा वाटाही कॉलेजचाच. आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश कसे होता येईल? हा निकाल कायद्याच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाचा वाटतो.

पहाऱ्याने उपचार सुधारले का? १६६५ च्या प्लेगमध्ये कॉलेजचे बरेच वैद्य आपल्या श्रीमंत रुग्णांच्या मागोमाग शहर सोडून गेले. गरिबांजवळ उरले ते मुख्यतः औषधविक्रेते. १७०४ मध्ये रोझ नावाच्या औषधविक्रेत्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने औषधविक्रेत्यांचा उपचार सांगण्याचा हक्क मान्य केला. लोकांना लागणारी सेवा जो देतो, त्याला कायद्याने शेवटी जागा करून द्यावी लागली. वैद्यकात खरा बदल घडवणारी गोष्ट मात्र वेगळीच होती. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला आणि काय होते ते पाहिले. संत्री-लिंबे मिळालेली जोडी लवकर सुधारली. या तुलनेसाठी कोणाचा परवाना लागला नाही. बारकाईने पाहणे आणि लिहून ठेवणे लागले.

मुंबईची नोंदवही

आपल्याकडे ही कल्पना इंग्रजांबरोबर आली. १९१२ मध्ये मुंबई प्रांताने वैद्यक कायदा केला आणि डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. नोंदवहीत नाव कोणाचे? पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्याचे. वैद्य आणि हकीम बाहेर. त्यांना काम करायला बंदी नव्हती, पण त्यांचे दाखले सरकारी कामाला चालत नसत.

या नोंदवहीचा पहिला मोठा वाद भोंदूवरून झाला नाही, एका शिकलेल्या डॉक्टरावरून झाला. पोपट प्रभुराम हे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेले मुंबईचे डॉक्टर. त्यांचा एका आयुर्वेद विद्यालयाशी संबंध होता. तो तोडण्यास ते तयार नव्हते, म्हणून १९१५-१६ च्या सुमारास त्यांचे नाव नोंदवहीतून काढण्यात आले. त्यांच्या हातून कोणी रुग्ण दगावला, असा आरोप नव्हता. कोणत्या गोटात बसता, एवढाच प्रश्न होता. बॉनहॅमची आठवण होते ती येथे.

पुढे १९३८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात वैद्य-हकिमांची स्वतंत्र नोंदवही झाली. १९६१ मध्ये महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम आला. त्याच्या ३३व्या कलमानुसार, कोणत्याच मान्य नोंदवहीत नाव नसताना वैद्यकी करणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला कमीत कमी २ वर्षे सक्तमजुरी सांगितली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात १ वर्षापर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. म्हणजे कायदा सौम्य आहे, अशी तक्रार करता येणार नाही.

तक्रार वेगळी आहे. रेघ नेमकी कोठे आहे? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईतला एक खटला आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टराने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली होती, रुग्ण दगावला. न्यायालयाने ३ लाख रुपयांची भरपाई देवविली आणि म्हटले की, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीचे उपचार करणारा भोंदूच होय. हे तत्त्व स्वच्छ आहे. पण महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्येच आयुर्वेदाच्या काही पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली होती. २०१४ मध्ये कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांनाही ती दिली. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने संप केला. वाद न्यायालयातही गेला.

येथे थोडे थांबून विचार करावा. तीच गोळी, तोच ताप, तोच माणूस. एका वर्षी तो भोंदू, दुसऱ्या वर्षी अधिकृत. गोळीला आणि यकृताला हा फरक कळत नाही. एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरेसा आहे किंवा नाही, याचे उत्तर रुग्ण मोजून मिळू शकते. आपण ते संप आणि शासननिर्णय यांच्या ओढाताणीतून काढतो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

विंचवाने शिकवलेला धडा

रुग्ण मोजले की काय होते, याचे सुंदर उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. कोकणातला लाल विंचू डसला की वेदना होतातच, पण काही रुग्णांत, विशेषतः मुलांत, पुढे फुप्फुसांत पाणी भरते आणि मृत्यू येतो. डॉ. हिम्मतराव बावसकर १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी केंद्रात आणि नंतर महाड परिसरात काम करू लागले. त्यांनी एकेका रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या.

नोंदींतून एक साखळी दिसू लागली. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि मग फुप्फुसात पाणी साचते. तसे असेल, तर हा आवळ सैल करणारे औषध उपयोगी पडायला हवे. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी नेमके तेच करते. ती वापरात येण्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्रात गंभीर रुग्णांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के दगावत. पुढे हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. हे काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. प्राझोसिन येण्यापूर्वी परवानाधारक डॉक्टर विंचूदंशाला काय देत? ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीवरची औषधे. यांतली काही निरुपयोगी होती, काही अपायकारक. भगताचा मंत्रही निरुपयोगी होता आणि त्यात मोलाचा वेळ जात होता. पण पाटीवर पदवी असलेला उपचारही तपासलेला नव्हता. तो तपासला तेव्हाच मृत्यू कमी झाले. कोणाला तुरुंगात टाकून ते कमी झाले नाहीत.

यश कसे भासते

मग लोक भगतावर किंवा बोगस डॉक्टरावर विश्वास का ठेवतात? ते अडाणी असतात म्हणून, हे उत्तर आम्हांला पटत नाही. शिकलेली माणसेही तेथे जातात. खरे कारण निरीक्षणातल्या एका सापळ्यात आहे.

समजा, एखाद्या भागात साप चावलेल्या १०० जणांपैकी ७० जणांना बिनविषारी साप चावला. उरलेल्या ३० पैकी काहींच्या अंगात विष पुरेसे गेलेच नाही. मंत्र टाकणाऱ्याकडे हे शंभरही जण गेले, तर त्याच्या हातून पाऊणशे तरी बरे होणारच! (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) दगावलेल्यांची गोष्ट 'उशीर झाला' म्हणून विसरली जाते. ताप, सर्दी, जुलाब हे तर बहुधा आपोआप बरे होणारे. त्यात कोणी स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचले, की अंगदुखी आणि सूज झटपट उतरते. कारण ते शरीराची दाहाची प्रतिक्रियाच दाबते. रुग्णाला वाटते, काय गुण आहे हाताला! आत जंतू मात्र मोकळे राहतात. आणि सुई उकळलेली नसेल, एकच सुई अनेकांना वापरली असेल, तर रक्तातून पसरणारे रोग एका अंगातून दुसऱ्यात जातात. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊ येथे एचआयव्हीचे अनेक रुग्ण एकदम आढळले, तेव्हा आरोग्य खात्याने अशाच सुईकडे बोट दाखवले होते. धोका खरा आहे, यात शंका नाही.

पण हा सापळा पदवीधरालाही पकडतो. तापाला अकारण प्रतिजैविक लिहून देणारा डॉक्टरही 'माझ्या औषधाने बरे वाटले' असेच म्हणतो. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत संशोधकांनी शिकवून तयार केलेले 'नकली रुग्ण' पाठवून पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिक्षित आणि अशिक्षित उपचारकांच्या कामात अपेक्षेपेक्षा फारच कमी फरक दिसला. दोघेही घाईत होते आणि दोघेही कमी प्रश्न विचारत होते.

आणि हे लोक संख्येने थोडे नाहीत. २००१ च्या जनगणनेच्या आकड्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेने काढलेला निष्कर्ष असा, की स्वतःला ॲलोपॅथी डॉक्टर म्हणवणाऱ्यांपैकी ५७.३ टक्के लोकांकडे वैद्यकीय पात्रताच नव्हती. इतक्यांना कुलूप लावता येणे अशक्य, आणि लावले तरी त्यांची जागा घेणार कोण?

दोन प्रयोग

पहिला प्रयोग गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन, तापमान, श्वासांची गती मोजायची. जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली की रुग्णालयात न्यायला सांगायचे. पालक नेऊ शकत नसतील तर त्यांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. पाटी तपासणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर पदवी नसलेली बाई इंजेक्शन देत होती. उपचार तपासणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर प्रत्येक बाळाची नोंद होती, वर डॉक्टरांची देखरेख होती, आणि तुलनेसाठी दुसरी गावेही होती. पुढे २०११ मध्ये घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत, इंजेक्शन वगळून, 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर घेण्यात आली.

दुसरा प्रयोग पश्चिम बंगालचा. तेथे बिनपदवीच्या ग्रामीण उपचारकांना नऊ महिने शिकवण्यात आले. कोणाला शिकवायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे ठरवले होते. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आले. शिकवलेले लोक रुग्ण अधिक बरोबर हाताळू लागले, पण अनावश्यक प्रतिजैविके देणे मात्र कमी झाले नाही. कारण उघड आहे : औषध विकूनच त्यांचे पोट चालते. म्हणजे 'सगळ्यांना शिकवा, प्रश्न सुटेल' हेही खरे नाही. शिकवण्याने अज्ञान कमी होते, हितसंबंध कमी होत नाहीत. हा निष्कर्ष दोन्ही पक्षांना गैरसोयीचा आहे, म्हणूनच आम्हांला तो मोलाचा वाटतो.

मग परवाना कशाला?

एवढे वाचून कोणी म्हणेल, परवाना रद्दच करा. आमचे म्हणणे तसे नाही. परवान्याचा एक मोठा उपयोग आहे : त्यामुळे जबाब देणारा माणूस सापडतो. नोंदणीकृत डॉक्टराविरुद्ध परिषदेकडे तक्रार करता येते, त्याचे नाव काढता येते, भरपाई मागता येते. पळून गेलेल्या बोगस डॉक्टराकडून काय मागणार? शिवाय किमान ज्ञानाची खात्री ही काही लहान गोष्ट नाही. भूल देणारा माणूस भुलीचे शास्त्र शिकलेला असावा, एवढा हट्ट प्रत्येकाने धरलाच पाहिजे.

पण परवाना ही सुरुवात आहे. ज्या दिवशी पथक एका दवाखान्याला कुलूप लावते, त्याच दिवशी त्या गावात पर्याय कोणता, हेही पंचनाम्यात लिहिले गेले पाहिजे. उपकेंद्रात परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी रोज हजर असतो का? विंचूदंशाची गोळी आणि सर्पदंशाची लस जवळच्या केंद्रात आहे का? रात्री गाडी मिळते का? या प्रश्नांची उत्तरे नाही अशी असतील, तर कुलूप लावून आपण रुग्णाला फक्त पुढच्या गावातल्या बोगस डॉक्टराकडे पाठवले. आणि पदवीधरांच्या उपचारांचीही अधूनमधून तपासणी हवी. ती होऊ नये म्हणून व्यावसायिक संघटना जोर लावतात, तेव्हा त्या लंडनच्या कॉलेजाचाच कित्ता गिरवत असतात.

वर्गात काय करता येईल

आठवी-नववीच्या मुलांकडून वर दिलेला सापाचा हिशेब करून घ्यावा. आकडे बदलून पाहावेत : बिनविषारी साप ९० टक्के असतील तर मांत्रिकाचे 'यश' किती? ५० टक्के असतील तर? उपचाराचा खरा गुण शोधायचा, तर कोणाशी तुलना करावी लागेल? याच हिशेबातून तुलनेच्या गटाची कल्पना मुलांना आपोआप सापडते.

मग मुलांनी चार प्रश्न वहीत लिहावेत. तुमचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे? मला काय झाले आहे असे तुम्हांला वाटते? हे औषध कोणते, ते न घेतल्यास काय होईल? मला केव्हा दुसरीकडे जावे लागेल? महाराष्ट्रात ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी आता वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येते, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोबाइलवरही मिळेल. उरलेल्या तिन्हींचे उत्तर माणसालाच द्यावे लागते. जो ते रागावून टाळतो, त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे टांगलेली असोत, त्याच्याबद्दल सावध राहावे. आणि चौथ्या प्रश्नाला जो 'माझ्याकडे सगळे बरे होतात' असे उत्तर देतो, त्याच्याकडून उठून सरळ आरोग्य केंद्राची वाट धरावी.